मधेच सोडून येणं

अंगणात सुपारी पसरली की पुढचे चाळीस दिवस आमच्या घरात कोणी सरळ चालत नाही. फाटकापासून उंबऱ्यापर्यंत जेमतेम पाऊलभर वाट उरते. तिच्यावरून अंग चोरत यायचं आणि अंग चोरत जायचं. शाळेतून दमून आल्यावर पर्स खांद्यावरून उतरवायच्या आधी वाकायचं आणि वाटेवर घरंगळलेल्या सुपाऱ्या ओंजळीनं बाजूला सारायच्या, हा माझा थंडीतला रोजचा नेम. पहिल्या दिवशी सगळं अंगण केशरी दिसतं, पाहुणे फोटो काढतात. आठवड्याभरात तो रंग विटायला लागतो, आणि एक ओलसर, तुरट वास घरभर बसतो, तो कपड्यांना लागतो, वह्यांना लागतो. माझ्या विद्यार्थ्यांना तपासलेल्या पेपरांवरून कळतं की मॅडमच्या घरी सुपारी वाळतेय.

पूर्वी या वासानं मला बरं वाटायचं. आता तीन वर्षं झाली, वास आला की थकायला होतं. वाडीही पूर्वीची राहिली नाही. वादळानं अर्धी झाडं झोपवली, नवी लावली ती आत्ता कुठे धरायला लागलीत. तरी जेवढी येते तेवढी पसरावी लागते, दिवसातून दोनदा परतावी लागते, ढग आले की गोळा करावी लागते. सुपारीला आपल्या मनात काय चाललंय त्याच्याशी घेणंदेणं नसतं.

यंदा सुपारी पसरली त्याच आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये एक वाद रंगला. आमचे पाटील सर पेणकडचे, खेळाचे शिक्षक, माणूस मोठा बोलका. डबा उघडायच्या आधी मोबाईल उघडतात. त्या दिवशी त्यांना कुठल्याशा परदेशी खेळाडूची बातमी सापडली होती. करार अर्धा शिल्लक, पैसा इतका की आपल्याला शून्यं लिहिता येणार नाहीत, आणि हा पठ्ठ्या म्हणतो, मला आता खेळायचं नाही, मी घरी चाललो.

"खोटं असणार," पाटील सर म्हणाले. "एवढा पैसा कोण सोडतंय? मागून काहीतरी निघेल बघा. भांडण असेल, दुसरीकडून जास्त मिळत असतील. आपली एक वेतनवाढ अडली तर आपण पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवतो."

गणिताच्या बाईंना वाटत होतं, पोट भरलं की माणूस सोडू शकतो. पाटील सरांचं म्हणणं, पोट भरत नाही, तेच तर दुखणं आहे. पोळीभाजी संपेपर्यंत ते चाललं. मग सर माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमच्या भावानं तर मोठी लीग खेळलीय. तुम्हीच सांगा. सोडतात का ही माणसं मधेच?"

"नाही सोडत," मी म्हटलं आणि खडू घेऊन उठले. मला तेव्हा तास नव्हता. रिकाम्या वर्गात जाऊन बाकावर बसले. तिथेही माझ्या ओढणीला सुपारीचा वास येत होता.

इरफान माझा भाऊ, माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. एवढं अंतर कसं, असं बाहेरचा माणूस विचारतो. आमच्या गावचा, बोर्लीचा, विचारत नाही. अब्बा आखातात होते. अब्बांच्या सुट्ट्या मांडल्या की आमची वयं निघतात. मधल्या कितीतरी वर्षांत ते आलेच नाहीत. तिकिटाचे पैसे घराच्या चिऱ्यांना लागले, विहिरीला लागले. इरफान झाला तेव्हा अब्बांनी त्याचा पहिला आवाज कॅसेटवर ऐकला. ती कॅसेट नेणारा गावातलाच माणूस होता. मुंबईच्या गाडीत बसेपर्यंत त्याच्या बॅगेत लोकांनी काय काय कोंबलं असेल: कुणाचं लोणचं, कुणाची सुकी मासळी, कुणाच्या बाळाचा आवाज.

तेव्हा अम्मी आजारी असायची, पुढे ती गेलीच. त्यामुळे इरफान माझ्याच हाताखाली वाढला. आमच्या आळीतली सगळी पोरं क्रिकेटवाली. हा एकटा भातकापणी झाली की पलीकडच्या वाडीत कबड्डी खेळायला पळायचा. कापलेल्या शेतात पाणी मारून, धुमसानं माती चोपून, चुना ओढून मैदान करायचे. संध्याकाळी घरी यायचा तो गुडघे सोलवटून. मी हळद लावताना ओरडायची, तो हसायचा. त्याचा दम विलक्षण होता. चढाईला गेला की 'कबड्डी, कबड्डी' असा एकसुरी घोष सुरू व्हायचा तो थांबायचाच नाही. मी तो अंगणातून ऐकलाय, शेताच्या बांधावरून ऐकलाय, आणि तो आवाज थांबेपर्यंत माझाच श्वास अडकलेला असायचा.

मग तालुका, जिल्हा, एका कंपनीचा संघ, आणि शेवटी टीव्हीवरची लीग. लिलावाच्या दिवशी अर्धी आळी मुनीरचाचांच्या दिवाणखान्यात जमली होती. मुनीरचाचा म्हणजे आमच्या गावाचे कागदपंडित. त्यांनी आखातात एका ऑफिसात बावीस वर्षं टायपिंग केलं होतं. अब्बा मात्र पडवीत बसून राहिले. "माणसाचा लिलाव बघायचा न्हाय मला," म्हणाले. पण आत गलका झाला तेव्हा आकडा काय ते त्यांनीच सगळ्यांच्या आधी विचारलं.

आकडा इथे लिहीत नाही. गावात तो इतक्यांदा बोलला गेला की वर्षभर इरफानचं नाव कोणी वेगळं घेतलंच नाही. तीन हंगामांचा करार होता. वरच्या मजल्याचा स्लॅब पडला. माझी मुलगी सना बारावी झाली होती, तिला फार्मसीच्या डिप्लोमाला घातलं. मी नवऱ्याचं घर सोडून सनाला घेऊन माहेरी आलेली बाई. मुलीची फी भाऊ भरतो याचं ओझं होतं आणि आधारही होता, दोन्ही एकाच वेळी.

करार आला तो अठरा पानांचा, इंग्रजीत. मी पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवतेय. पण आमच्या गावात कागद वाचायला कोणी माझ्याकडे येत नाही. कागद मुनीरचाचांकडे जातो. गावातल्या तीन पिढ्यांची आखातातली एग्रीमेंटं त्यांनी वाचलीत. त्यांची एक पद्धत आहे. पहिलं पान बघायचं, तिथे पगार आणि तारखा. शेवटचं पान बघायचं, तिथे सही. मधली पानं ते अंगठ्यानं फर्र करून उलटतात. "बीच में सब सेमच असतं," म्हणतात. आखातातल्या कागदांत खरंच तसं असायचं. मजुराला मधल्या पानांवर काही मिळालंय असं कोणी ऐकलेलं नाही.

तसंच त्यांनी इरफानचं वाचलं. पहिलं पान, शेवटचं पान. चष्मा काढून म्हणाले, "तीन साल का है. तीन साल पूरा करना. मधीच सोडलंस तर बॅन लागेल, पेनल्टी लागेल, फिर कोई हाथ नहीं लगाएगा." अब्बांनी मान हलवली. त्यांना यात नवीन काही नव्हतं. सव्वीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. एक एग्रीमेंट संपलं की दुसरं. "मी येकबी एग्रीमेंट मोडलं न्हाय," हे वाक्य त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलंय की ते आमच्या घराच्या पत्त्याचाच भाग वाटतं.

मधेच सोडून येणाऱ्याचं आमच्याकडे काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. याकूबभाय म्हणून एक आहेत, बाजारात सायकलींचं दुकान आहे त्यांचं. तरुणपणी ते आखातात गेले आणि चार महिन्यांत परत आले. कारण काही मोठं नव्हतं, तिथे त्यांना झोप लागत नव्हती. मार खाल्ला नाही, पगार बुडाला नाही, नुसती झोप लागत नव्हती. तेव्हापासून गाव त्यांना 'चारमहिने' म्हणतं. आज त्यांना नातवंडं आहेत, आणि नातवंडांनासुद्धा 'चारमहिन्यांची' म्हणतात. ते स्वतः हसतात, पंक्चर काढता काढता ओ देतात. लहानपणी मीही त्यांना तेच म्हणायची. आता म्हणवत नाही. आखातातून आलेल्यांत रोज दुपारी दोन तास बिनघोर झोपणारा मी पाहिलेला तेवढा एकच माणूस आहे.

हे सगळं पहिल्या हंगामानंतरच्या थंडीत माझ्या डोक्यात होतं का? नव्हतं. नंतरचे विचार आधीच्या दिवसांना चिकटवायची माझी खोड आहे. त्या थंडीत माझ्या डोक्यात सनाची फी होती.

पहिला हंगाम खेळून इरफान घरी आला तेव्हा अंगणात सुपारी अशीच पसरलेली होती. फाटकातून आत आला आणि वाटेवर थांबला. पूर्वी हा पोरगा उड्या मारत, एकाही सुपारीला पाय न लावता पडवीत यायचा. त्या दिवशी त्यानं भिंतीला हात धरून, एक पाय आधी, मग दुसरा, असं केलं. मी चहा ठेवायला आत गेले. पाहिलं ते न पाहिल्यासारखं केलं.

दुपारभर तो पडवीत बसायचा, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून. सुपारी परतायची लाकडी फावडी घेऊन बसल्या बसल्या जेवढं पोचेल तेवढं परतायचा. तिथलं फार सांगायचा नाही. मी विचारलं तर तुकडे तुकडे सांगायचा. हॉटेलात खिडकी उघडत नाही. रोज वजन करतात. सामन्याआधी डॉक्टर सुई टोचतो, मग दोन तास पाय आपला नसल्यासारखा वाटतो, मग उतरलं की पलंगावरून बाथरूमपर्यंत जायला भिंत लागते. मॅटवर पाय घसरत नाही, मातीत घसरायचा, घसरला की गुडघा वाचायचा. हे मला कळलं नव्हतं. मॅट मऊ असते म्हणून बरी असं मला वाटायचं.

एकदा तो म्हणाला, "आपा, पूर्वी चढाईला गेलो की पलीकडचे सात दिसायचे. कोण कुठं उभा हाय, कोण कधी पाय धरणार, सगळं दिसायचं. आता माझा गुडघाच दिसतो."

"आराम कर म्हणजे बरं वाटेल," मी म्हटलं. आई नसलेल्या घरातल्या थोरल्या बहिणीची ही ठरलेली वाक्यं. ती बोलताना डोकं लागत नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी तो झोपला होता आणि अब्बा मशिदीत गेले होते. मी कपाटातून करार काढला. का काढला, याचं खरं उत्तर असं की मला मुनीरचाचांचा राग होता. मधली पानं फर्र करून उलटणारा माणूस गावाचा विद्वान, आणि मी घरातली मास्तरीण. मी पहिल्या ओळीपासून वाचायला बसले. अकराव्या पानावर थांबले. तिथे स्पष्ट लिहिलं होतं: हंगाम संपल्यापासून तीस दिवसांच्या आत खेळाडूनं लेखी कळवलं, तर तो पुढच्या हंगामांतून मोकळा होऊ शकतो. दंड नाही. बंदी नाही. पुढचे पैसे मिळणार नाहीत, एवढंच. वकिली इंग्रजी होतं, पण मला दुसऱ्यांदा वाचायची गरज पडली नाही. तरी मी तीनदा वाचलं. मग कागद होता तसा कपाटात ठेवला.

संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी सनाचा फोन आला, दुसऱ्या वर्षाची फी भरायची यादी लागली होती. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्याला खिडक्या बसवायला माणसं आली. अब्बा वर उभे राहून त्यांना हे असं, ते तसं सांगत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते आपल्या घराचं काम स्वतःच्या डोळ्यांनी बघत होते. पूर्वीचं सगळं घर त्यांनी पत्रांतून आणि फोटोंतून बांधलं होतं. मी खाली सुपारी परतत होते आणि त्यांचा आवाज ऐकत होते. त्या दिवशीही नाही सांगितलं.

मग एकदा इरफाननंच विचारलं. दुपारची वेळ होती, त्याच्या हातात फावडी होती, तो माझ्याकडे बघत नव्हता. "आपा, मधीच सोडता येतं काय गं? कागदात काय हाय?"

मी म्हटलं, "मुनीरचाचांनी वाचलंय ना."

एवढंच म्हटलं. हे खोटं नाही. मी हे वाक्य नंतर हजारदा तपासलंय, व्याकरणाच्या पेपरासारखं, आणि त्यात एकही खोटा शब्द नाही. त्यानं मान हलवली आणि फावडी पुढे ढकलली. सुपाऱ्यांचा तो कोरडा खडखड आवाज झाला. मी आत जाऊन भाकऱ्या थापायला बसले, आणि पहिली भाकरी मोडली.

तीस दिवस फार मोठे असतात. त्या तीस दिवसांत सुपारी केशरीची तपकिरी झाली, तिची साल सुटायला लागली, सोलायला बाया आल्या. त्या ओळीनं बसून सोलत होत्या, बोलत होत्या, इरफानची थट्टा करत होत्या, आता भावजय कधी आणताय म्हणून. तो लाजत होता. तिसाव्या दिवशी मी शाळेत वर्गावर होते. घड्याळाकडे पाहिलं आणि वाटलं, संपलं. मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहायलाच हवं. वाईट वाटलं ते नंतर. आधी मला सुटल्यासारखंच वाटलं.

दुसऱ्या हंगामात तो पडला तो आम्ही टीव्हीवर पाहिला. अब्बा समोरच्या खुर्चीत, मी दारात. तीन जणांच्या खाली तो गेला, सगळे उठले, तो उठला नाही. टीव्हीनं ते पुन्हा दाखवलं, मग हळू करून दाखवलं. अब्बा म्हणाले, "उठंल." आणि तो खरंच उठला. पट्टी बांधून आणखी दोन सामने खेळला. त्या दोन सामन्यांनी काय केलं ते पुढे डॉक्टरांनी सांगितलं. तिसरा हंगाम आलाच नाही. ऑपरेशन झालं, आणि पंधरा दिवसांत संघाकडून मेल आला, चार ओळींचा. त्यांनी त्याला मोकळं केलं होतं. तसं करायचा हक्क त्यांना बाराव्या पानावर होता. शुभेच्छाही होत्या.

पाटील सर विचारत होते, सोडतात का ही माणसं मधेच. मला वाटतं, सोडायचं की नाही ते एकटा खेळाडू ठरवत असेल असं आपण बातमी वाचताना धरून चालतो. त्याच्यामागे वरच्या मजल्याच्या खिडक्या असतात, भाचीची फी असते, पडवीत बसून आकडा विचारणारा बाप असतो. परदेशातल्या त्या खेळाडूच्या मागेही असतील, त्यांची नावं तिकडची असतील. तो सुटून गेला म्हणजे त्याच्या घरात कोणीतरी त्याला जाऊ दिलं असणार. माझं एवढंच म्हणणं आहे, आणि ते स्टाफरूममध्ये डबा खाताना सांगण्यासारखं नाही.

आता इरफान एकतीस वर्षांचा आहे. वाडी बघतो. चालतो बरा, स्कूटर चालवतो, लोकांना वाटतं सगळं ठीक झालं. पण गुडघा पूर्ण दुमडत नाही. दुपार कलल्यावर, असरच्या वेळेला, कधी अब्बा घरीच नमाज पढतात. शेजारी इरफान असतो. चौऱ्याहत्तर वर्षांचे अब्बा कपाळ जमिनीला टेकवतात आणि एकतीस वर्षांचा त्यांचा मुलगा बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून नुसती मान झुकवतो. नमाजाच्या शेवटी अब्बा सलाम फिरवताना त्याच्या बाजूला तोंड करतात, तेव्हा क्षणभर त्यांचे डोळे खुर्चीच्या पायांवर थांबतात. त्यांनी यावर कधी शब्द काढलेला नाही. एकदाच, चहा पिता पिता, कोणाला उद्देशून नाही असं म्हणाले, "मुनीर म्हणाला होता, सोडता येत न्हाय." मी कप घेऊन उठले.

तीन वर्षं मी हे घेऊन फिरतेय. सनाचं शिक्षण झालं, तिला पनवेलला नोकरी लागली, ती दर महिन्याला मामाला फोन करते, मामा, गोळ्या घेतोस का. तिला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. आणि खरं सांगायचं तर माणूस अशा ओझ्यानं रडत वगैरे नाही, नुसता दमतो. सकाळी उठतानाच दमलेला असतो. लोक म्हणतात, मॅडम, रक्त तपासून घ्या.

त्या दिवशी पाटील सरांना उत्तर देऊन मी रिकाम्या वर्गात बसले होते, तिथेच ठरवलं. शेवटचे दोन तास घेतले, हजेरी घेतली, सही केली, बाजारातून पाव घेतले आणि घरी आले. वाकले, वाटेवरच्या सुपाऱ्या बाजूला सारल्या. इरफान पडवीच्या पायरीवर पाय लांब सोडून बसला होता. अब्बा वर झोपले होते. मी पर्स तशीच खांद्याला ठेवून त्याच्यासमोर उभी राहिले. बसले असते तर सांगितलं नसतं.

"इरफान, तुझ्या करारात सोडायची सोय होती," मी म्हटलं. "पहिल्या हंगामानंतर. अकराव्या पानावर. दंड नव्हता, काही नव्हतं. मी वाचलं होतं. तू विचारलंस तेव्हा मला ठाऊक होतं."

त्याच्या हातात एक सुपारी होती, ती तो नखानं दाबून बघत होता, वाळलीय का ते. त्यानं ती परत ठेवली.

"सनाची फी होती," मी म्हटलं. "अब्बांच्या खिडक्या होत्या. मी मुद्दाम सांगितलं नाही."

"मला म्हाईत होतं, आपा," तो म्हणाला.

मला वाटलं, मी गप्प बसले ते त्याला माहीत होतं. तसं नव्हतं.

"सही करताना तिथल्या ऑफिसातल्या पोरीनं सगळा कागद वाचून दाखवला होता. हिंदीत समजावून. अकरावं पान पण. तीस दिवस, लेखी द्यायचं, सगळं म्हाईत होतं मला. लिवून पण ठेवलं होतं चार ओळी. बॅगेत होतं."

"मग मला कशाला विचारलंस?"

रस्त्यावरून एसटी गेली, धूळ उडाली, आम्ही दोघांनी सवयीनं सुपारीकडे पाहिलं.

"अब्बांना इचारायची सोय न्हवती," तो म्हणाला. "ते काय बोलतील ते पाठ होतं मला. म्हटलं, घरातलं कोणतरी एक माणूस बोलू दे, सोड आणि घरी ये. बास. तेवढं पायजे होतं. मग मी चार ओळी पाठवणार होतो. म्हणून तुला इचारलं."

मी पर्सचा पट्टा धरून उभी होते. "मी म्हटलं असतं तर खरंच सोडलं असतंस? एवढे पैसे?"

"त्याच दिवशी."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी खाली बसले, पायरीवर, त्याच्या लांब केलेल्या पायाशेजारी. मग मी विचारलं, "आता म्हणू?"

तो हसला, गालातल्या गालात.

"आता कशाला, आपा? आता घरीच हाय की मी."